उसनं अंग

मेलेल्या माणसाचे कपडे घरात घेऊ नयेत, हे अन्नपूर्णाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तरी त्या वैशाखात भालकीतल्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात चार मेलेल्या माणसांची गाठोडी येऊन पडली. ती सोडून उन्हात घालणं, कसरीनं खाल्लेलं रफू करणं, इस्त्री फिरवणं, हे सगळं तिच्याच वाट्याला आलं.

तिचा नवरा जयतीर्थ शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. हैदराबादेत चार वर्षं चित्रकला शिकून आलेला. पण गेली सहा वर्षं पोरांना फळ्यावर आंबा नि घागर काढून दाखवण्यापलीकडं त्याचा हात कुठं चालला नव्हता. म्हणून चैत्रात श्रीपतराव वकील घरी आले आणि पाच मोठ्या तैलचित्रांचं काम त्यांनी पुढं ठेवलं, तेव्हा तो पुरतं ऐकून घ्यायच्या आधीच हो म्हणाला.

श्रीपतराव हुतात्मा स्मारक समितीचे अध्यक्ष होते. बोरवाडीचं प्रकरण साऱ्या तालुक्याला माहीत होतं. चार वर्षांमागं, पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात, रझाकारांची लॉरी त्या वाडीत शिरली होती. हातातली यादी वाचून त्यांनी माणसं घरातून ओढून काढली, विहिरीपाशी उभी केली आणि गोळ्या घातल्या. गावची वसुली बघणारा माळीपाटील ईरण्णा, शाळेचे प्राणेश मास्तर, दोघं कुणबी चुलतभाऊ आणि काशाप्पा नावाचा एक तरणा धनगर. आता त्यांच्या नावानं भालकीत सभागृह उभं राहत होतं. सतरा सप्टेंबरला हैदराबादहून मंत्री येणार होते, आणि तोवर पाचही चित्रं भिंतीवर लागायला हवी होती.

"फोटो आहेत?" जयतीर्थनं विचारलं.

"फोटो कुठले हो मास्तर! एक प्राणेशांचा होता, तो घराबरोबर जळाला."

"मग मला निदान अंगानं कुणीतरी समोर बसायला हवं. चेहरा घरच्यांना विचारविचारून जुळवता येईल. पण खांदे, बसण्याची ढब, कापडाची चुणी, हे डोळ्यांना दिसल्याशिवाय मला जमत नाही. आणि कपडे त्यांचेच हवेत."

कपडे आले. बसायला माणूस मिळेना. भालकीतला एक हमाल कबूल झाला होता, पण कपडे कुणाचे आहेत हे कळल्यावर तो पुन्हा त्या गल्लीतून गेलासुद्धा नाही. बोरवाडीत तर विचारायचीच सोय नव्हती. आठ दिवस गेले. मग एका सकाळी खांद्यावर घोंगडं टाकलेला, तिशीच्या आतबाहेरचा एक उंच माणूस दारात येऊन उभा राहिला आणि कितीतरी वेळ नुसताच उभा राहिला. शेवटी अन्नपूर्णानंच विचारलं, "कोण पाहिजे?"

"अव्वानं धाडलंय, आईनं," तो म्हणाला. "बसायला मानूस पायजे म्हनं. मी सिद्धाप्पा. बोरवाडीचा. काशाप्पा माजा धाकला भाऊ."

जयतीर्थनं त्याला उजेडात उभं केलं, भोवती फिरून पाहिलं. रुंद खांदे, लांब मान, सडपातळ अंग. "चालेल," तो म्हणाला. "यावर कुणाचेही कपडे बसवता येतील."

बसवायचं काम अर्थात अन्नपूर्णाचं होतं. ईरण्णा पाटील देहानं आडवा माणूस. त्याचा कोट सिद्धाप्पाच्या अंगात गोणीसारखा लोंबायला लागला. तिनं मागून चुण्या घेऊन टाके घातले, पोटावर उशी बांधली. तिच्या माहेरचं सोवळं कडक. पहिल्या दिवशी त्या कोटाला आणि त्या परक्या पुरुषाच्या खांद्याला हात लागल्यावर तिनं डोक्यावरून अंघोळ केली. दुसऱ्या दिवशीही केली. पाचव्या-सहाव्या दिवशी ती नुसते हात धुऊन पोळ्या लाटायला बसली आणि मग तिच्या लक्षात आलं. तेव्हापासून तिनं ते सोडूनच दिलं.

सिद्धाप्पा बसायला अगदी पक्का. मेंढरांमागं तासन् तास काठीवर रेलून उभं राहण्याची सवय, त्यामुळं सांगितल्या जागी तो दगडासारखा बसे. बोलत नसे. दुपारी भाकरीचं फडकं सोडून परसातल्या लिंबाखाली खाई, अन्नपूर्णा ताक द्यायला गेली की "असू द्या, अक्का" एवढंच म्हणे. अंगावर माशी बसली तरी तो हलत नसे.

जयतीर्थची एक लकब होती. काम करताना तो समोरच्याला चित्रातल्या माणसाच्या नावानं हाक मारी. त्याशिवाय आपलं मन लागत नाही, असं त्याचं म्हणणं. "ईरण्णा, हात गुडघ्यावर." "ईरण्णा, छाती काढा जरा." सिद्धाप्पा मुकाट्यानं हात गुडघ्यावर ठेवी. अन्नपूर्णाला पहिल्यांदा ते ऐकून कसंसंच झालं. पण सवय कशाचीही होते. ज्येष्ठ लागेतो ईरण्णा पाटलाचं चित्र झालं. त्याची सून येऊन पदर तोंडाला लावून रडली आणि मिशा थोड्या झुबकेदार करा म्हणून सांगून गेली.

प्राणेश मास्तरांच्या वेळी मात्र जे झालं ते अन्नपूर्णा पुढं कधी विसरली नाही.

मास्तरांची बायको शारदाबाई भावाकडं संतपूरला राहत होती. चेहरा सांगायला तिला बोलावलं होतं. ती आली तेव्हा सिद्धाप्पा खुर्चीवर बसला होता. अंगात मास्तरांचा करड्या रंगाचा बंद गळ्याचा कोट, हातात पुस्तक, तोंड खिडकीकडं. शारदाबाई उंबऱ्यातच थांबली. जयतीर्थनं दोनदा "या, बसा" म्हटलं, पण तिला ते ऐकूच गेलं नाही.

"वरचं बटण ते लावत नसत," ती हळूच म्हणाली. "गळ्याशी गुदमरतं म्हणायचे."

सिद्धाप्पानं हात वर नेला आणि वरचं बटण काढलं.

एवढंच. पण तो हात वर गेला तशी शारदाबाईच्या घशातून असा काही आवाज निघाला की अन्नपूर्णा स्वयंपाकघरातून धावत आली. शारदाबाई वळून अंगणात गेली होती आणि तुळशीच्या कट्ट्याला धरून उभी होती. तिला पाणी दिलं, ते ती प्यायली नाही. नाक कसं, डोळे कसे, काही सांगितलं नाही. तशीच गाडीत बसून परत गेली. आत सिद्धाप्पा त्याच बैठकीत होता, बटण सोडलेलं, हातात पुस्तक. तेवढं पुस्तक थरथरत होतं.

"आज पुरे करू या," अन्नपूर्णा नवऱ्याला म्हणाली.

"उजेड आहे अजून," जयतीर्थ म्हणाला. "प्राणेशराव, पुस्तक स्थिर."

मास्तरांचा चेहरा शेवटी शारदाबाईच्या भावानं येऊन सांगितला. दोघा चुलतभावांची चित्रं पाऊस लागण्याच्या सुमारास झाली. शाळा सुरू झाली होती. जयतीर्थ सकाळी दोन तास आणि रविवारी दिवसभर काम करी. रंगवणं आता त्याच्या हातात मुरलं होतं, तो जेवताना गप्प राही आणि बोटांनी ताटाच्या कडेवर रेषा ओढत बसे. पाचवं चित्र राहिलं, ते काशाप्पाचं. त्याचं मात्र एकही वस्त्र आलं नव्हतं.

"काय घालायचा तुझा भाऊ?" अन्नपूर्णानं विचारलं. "काही राहिलं असेल ना घरात?"

"काई न्हाई, अक्का. अंगावर व्हतं तेच. तेच्यातच माती दिली."

"मग काय होतं अंगावर, ते सांग. मी तसं शिवते."

"पांढरी अंगी. धोतर."

"डोक्याला?"

"काई नव्हतं."

दोन दिवसांनी जयतीर्थनं पुन्हा विचारलं, तेव्हा तो म्हणाला पांढरा रुमाल होता. अन्नपूर्णाच्या ध्यानात ते राहिलं. चार वर्षं झालेली, तेही भावाचं मरण. माणसाला काय काय आठवणार, असं तिला वाटलं. तिनं मांजरपाटाची अंगी बेतली आणि शिवायला घेतली.

अंगी शिवून झाली त्या दिवशी भालकीचा बाजार होता. सकाळीच अनसाबाई आली. सिद्धाप्पाची आई. काळी, वाळलेली, कपाळावर गोंदलेलं, काखेत फडक्याचं एक लहानसं पुडकं. अन्नपूर्णानं तिला पहिल्यांदाच पाहिलं. ती ओसरीवर टेकली, आत एकवार नजर टाकली. सिद्धाप्पा नवी अंगी घालून खुर्चीत बसला होता.

"डोकं उगडं कामून ठिवलंय?" तिनं विचारलं. "माजा काशा उगड्या डोक्यानं गेला न्हाई."

तिनं पुडकं सोडलं. आत लाल पटका होता. धुऊन घडी घातलेला, पण एका कडेला करपल्यासारखा काळपट डाग धुण्यानं गेलेला नव्हता.

सिद्धाप्पा खुर्चीतून उठला. एवढ्या दिवसांत सांगितल्याशिवाय तो प्रथमच जागचा हलला.

"ह्यो मातीत गेला न्हाई?"

"माती द्यायच्या आदी मी काडून ठिवला," अनसाबाई म्हणाली. पटका तिनं अन्नपूर्णाच्या हातात दिला, मुलाच्या नाही. "बांधा त्येला. मी बाजार करून येते."

ती निघून गेली. अन्नपूर्णाला पटका बांधता येत नव्हता. सिद्धाप्पानंच तो घेतला आणि बांधला. आरसा नव्हता, तरी पीळ अगदी जिथल्या तिथं बसले. जयतीर्थ खूश झाला. लाल रंग त्या काळ्या कपाळावर असा काही खुलून दिसला की त्यानं घाईघाईनं कोळशाची कांडी उचलली.

"वा. काशाप्पा, मान वर."

मान वर झाली नाही.

"काशाप्पा, मान जरा वर. खिडकीकडं बघ."

सिद्धाप्पा खुर्चीवरून घसरत खाली आला आणि जमिनीवर बसला. रडला नाही, काही नाही. दोन्ही हातांनी डोकं दाबून धरून बसून राहिला. जयतीर्थ गोंधळला, पाणी आणायला सांगून बाहेर गेला, कारण असल्या प्रसंगी काय करायचं हे त्याला कधीच कळत नसे. अन्नपूर्णा तांब्या घेऊन आली तोवर सिद्धाप्पा उठून परसात लिंबाखाली जाऊन बसला होता. पटका डोक्यावरच होता.

"पटका माजा हाय, अक्का," तो म्हणाला.

ती थोड्या अंतरावर पायरीवर बसली.

"उदगीरच्या बाजारातून आनलेला. आमच्या वाडीत तसला दुसऱ्या कुनाला नव्हता. मी चिठ्ठ्या आनायचो तवा. हद्दीपल्याड आपल्या लोकांचा क्यांप व्हता ना, तिकडून. मेंढरं घेऊन गेलं तर कोन आडवतंय? घोंगड्याच्या दशीत बांधून आनायचो. पाटलाला द्यायचो, मास्तरला द्यायचो. लॉरी यायच्या आदल्या दिशी खटकचिंचोळीच्या बाजारात एक वळकीचा भेटला. म्हनला, चिठ्ठ्या कोन आनतंय ते कळलंय त्यास्नी. नाव कळलं न्हाई, लाल पटक्याचा धनगर, एवडंच कळलंय. पटका फेकून दे म्हनला."

"मग?"

"सकाळी काशा सोयरिकीला निघाला. पोरगी बगायला. लई दिसापासून पटका मागायलता. म्हनला, दादा, आजच्या दिस दे." सिद्धाप्पा जमिनीकडं बघत होता. "मी म्हनलं, ने."

अन्नपूर्णानं त्याच्या डोक्यावरच्या पटक्याकडं पाहिलं. "त्याला सांगितलं नाहीस?"

"न्हाई."

"का रे?"

"ते त्याच दिशी येतील आसं वाटलं न्हाई. किंवा वाटलं आसंल. मी मेंढरं घेऊन माळावर गेलो. तितून लॉरीचा धुराळा दिसला. चार वर्सं रोज इचार करायलोय, ने म्हनलं तवा माज्या मनात काय व्हतं. आता खरं काय आन मागून जुळवलेलं काय, तेच कळंना." मग तो म्हणाला, "यादीत चारच नावं व्हती. पाचवा त्यांनी पटक्यावरून धरला. मास्तरला सांगू नका, अक्का."

"नाही सांगणार."

तिनं शब्द दिला आणि तो तिला जड गेला. संध्याकाळी अनसाबाई बाजाराहून परतली तेव्हा सिद्धाप्पा गाडी जुंपायला गेला होता. ओसरीवर दोघीच होत्या. अन्नपूर्णाला राहवलं नाही. "तुम्हाला ठाऊक आहे," ती म्हणाली. विचारलं नाही तिनं, नुसतं म्हणाली.

"पटका कंच्या पोराचा, हे आईला ठाऊक नसंल व्हय?"

"मग इतकी वर्षं विचारलं नाहीत?"

"दोन व्हते. एक गेला. इचारलं आसतं तर दुसरा बी गेला आसता." अनसाबाईनं मिठाची पुडी पदरात बांधली. "त्यो घरात भावाचं नाव घेत न्हाई. लगीन करत न्हाई. जेवायला बसला तर निम्मी भाकर तशीच ठिवतो. म्हनलं, काशाची तसबीर काडायलेत, तर ह्यालाच काशा हून बसू दे. रडला तर रडंल. मन हलकं हुईल."

"तो रडला नाही," अन्नपूर्णा म्हणाली.

"न्हाई?" म्हातारीनं विचारलं, आणि पदराची गाठ पुन्हा आवळली.

सिद्धाप्पा दुसऱ्या दिवशी येईल असं अन्नपूर्णाला वाटलं नव्हतं. पण तो आला. आल्या आल्या त्यानं पटका बांधला आणि जयतीर्थला म्हणाला, "मास्तर, ह्यो लालच रंगवा. असाच्या असा." पुढचे तीन आठवडे तो बसला. "काशाप्पा" म्हटलं की मान वर करायचा. चेहऱ्यासाठी अनसाबाई दोनदा येऊन गेली. धाकट्याची हनुवटी लहान होती, गाल भरलेले होते, ओठ नेहमी थोडे उघडे राहत, असं तिनं न अडखळता सांगितलं. जयतीर्थनं आयुष्यात काढलेलं सर्वांत चांगलं चित्र तेच झालं. लाल पटक्याखाली वीस वर्षांचा एक पोरगा कुठंतरी निघाला आहे आणि निघायच्या आधी कुणीतरी हाक मारली म्हणून वळला आहे, असं ते दिसत होतं.

श्रावणात श्रीपतराव चित्रं बघायला आले. चारही चित्रांपुढं ते समाधानानं थांबले. पाचव्यापुढं आले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे लाल काय?"

"पटका. तोच होता त्याच्या डोक्यावर," जयतीर्थ म्हणाला. "आईनं आणून दिला."

"असेल हो. पण मास्तर, निवडणुकीत तेलंगणात लाल बावट्यानं काय केलं ते वाचलंत ना? अजून त्यांची माणसं तुरुंगात आहेत. मंत्रिमहोदय हार घालायला पुढं होणार आणि समोर हा लालभडक पटका! पहिला प्रश्न हाच विचारतील, हा कुठला कॉम्रेड लावून ठेवला म्हणून. पांढरी टोपी घाला. पाचही जणांना एकसारखी टोपी असली तर शोभेलही."

अन्नपूर्णा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. परक्या पुरुषांच्या बोलण्यात ती कधी पडत नसे. "त्याच्या डोक्यावर लालच होता," ती म्हणाली.

श्रीपतराव सौम्यपणे हसले. "वहिनी, माणूस गेला. डोक्यावर काय होतं याला आता काय महत्त्व?"

ते गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "ते बदलू नका."

"अगं, शाळेच्या कमिटीवर तेच आहेत. बदली केली तर औरादच्या पलीकडं टाकतील, तिथं ड्रॉइंगचा तासही नाही."

"तरी बदलू नका."

"का पण?"

त्याला कारण हवं होतं, आणि कारण तिच्याजवळ होतं. दिलेला शब्द तिच्या जिभेवर बसून राहिला. ती म्हणाली, "चित्र बिघडेल." जयतीर्थनं मान हलवली. तेवढं त्यालाही कळत होतं.

रविवारी त्यानं सुरीनं लाल रंग खरवडला. सिद्धाप्पाला पांढरी टोपी घालून बसवलं. टोपीची घडी नव्यासारखी ताठ होती, अन्नपूर्णानंच ती खळ घालून इस्त्री केली होती. थोडा वेळ बसल्यावर सिद्धाप्पा म्हणाला, "मास्तर, टोपी घातली तर काशा कामून मेला ते कुनाला कळंल?"

"देशासाठी मेला," जयतीर्थ कुंचला न थांबवता म्हणाला. "खाली पितळी पट्टीवर तसं लिहिणार आहेत. काळजी करू नकोस."

सिद्धाप्पानं अन्नपूर्णाकडं पाहिलं. तिनं नजर खाली वळवली. पुढं पुष्कळ वर्षं तिला या गोष्टीची लाज वाटत राहिली. त्या क्षणी ती बोलली असती तर तो शब्द मोडल्याबद्दल सिद्धाप्पा तिच्यावर रागावला असता का, हे तिला कधी ठरवता आलं नाही.

सतरा सप्टेंबरला सभागृहाचं उद्‌घाटन झालं. मंत्री आले, भाषण झालं, पावसात भिजलेल्या पताका फडफडल्या. घरच्यांना एकेक करून चित्रापुढं नेत होते. अनसाबाई पाचव्या चित्रापुढं उभी राहिली. कुणीतरी तिच्या हातात झेंडूचा हार दिला होता. ती तो धरूनच उभी राहिली.

"घाला मावशी, हार घाला," एक कार्यकर्ता म्हणाला.

"टोपी कुनाची हाय ही?" तिनं विचारलं.

त्याला प्रश्न समजला नाही. त्यानं तिचा हात धरून हार चौकटीवर अडकवला आणि पुढच्यांना बोलावलं. अन्नपूर्णा बायकांच्या रांगेतून वाट काढत तिच्यापाशी गेली. "सिद्धाप्पा दिसत नाही," ती म्हणाली.

"गेला. आट दिस झाले. मेंढरं हायत, काठी हाय. खुंटीवरला पटका न्हाई, आन त्यो न्हाई."

लोकांनी शोधलं. बोरवाडीच्या विहिरीत गळ टाकून पाहिला, निजामाच्या वेळच्या पडक्या बुरुजात पाहिलं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन भीमेकडं गेलेल्या धनगरांनी निरोप आणला की करजगीच्या बाजूला कुणाच्या तरी मेंढरांच्या वाड्यावर लाल पटक्याचा एक गडी राखणीला होता, बोलत नव्हता. तिकडं माणूस गेला तेव्हा तो गडी तिथून उठून गेला होता.

माघात अनसाबाई जयतीर्थच्या घरी आली. आल्या आल्या म्हणाली, "मास्तर, सिद्धाची एक तसबीर काडून द्या. लई मोटी नगं. कागदावर. मी सोता भीमेच्या काटानं हिंडनार हाय. नुसतं नाव सांगून कोन वळकतंय? दाखवीन, असला मानूस बगितला का म्हनून."

"त्याला काय, आत्ता देतो," जयतीर्थ म्हणाला आणि जुन्या कागदांची बाडं काढून बसला. सिद्धाप्पाची चाळीसेक तरी रेखाटनं होती. कोट घातलेला, पुस्तक धरलेला, गुडघ्यावर हात ठेवलेला, उभा, बसलेला. एक एक कागद तो उलटत गेला आणि त्याचा हात मंदावत गेला. एकाही कागदावर चेहरा नव्हता. मानेपर्यंत सगळं बारकाईनं काढलेलं, आणि मानेवर एक लंबगोल. तिथं दुसऱ्याचा चेहरा बसवायचा होता, म्हणून त्याचा त्यानं कधी काढलाच नव्हता.

"थांबा, आठवून काढतो," तो म्हणाला. तो दुपारपर्यंत बसला. अन्नपूर्णा सांगत होती, भुवया जवळ होत्या, उजव्या कानाची पाळी फाटलेली होती. अनसाबाई सांगत होती. पण दर वेळी कागदावर जे उमटे ते काशाप्पाकडं जाई, नाहीतर प्राणेश मास्तरांकडं. अनसाबाई बघून म्हणे, "ह्यो न्हाई." पाचव्या कागदानंतर जयतीर्थनं पेन्सिल खाली ठेवली. त्याचा चेहरा उतरला होता.

"तीन महिने माझ्यासमोर बसला होता," तो बायकोला म्हणाला. "मी त्याच्याकडं बघितलंच नाही."

अनसाबाई त्या पसरलेल्या कागदांतून एकेक उचलून बघत होती. एका कागदावर नुसते हात होते, एकावर एक ठेवलेले. डाव्या अंगठ्याचं नख कातरीनं चिरलेलं, मनगटाची शीर वर आलेली.

"हे त्येचेच," ती म्हणाली. तिनं बोट नखावर टेकवलं आणि उचललं, रेघ पुसली तर जाणार नाही ना म्हणून. "हे द्या मला."

"यावरून कोण ओळखणार, आई?" अन्नपूर्णा म्हणाली.

"मेंढरं कातरनाऱ्या मानसाला हात कळतो."

अन्नपूर्णानं कागद गुंडाळून वर जुन्या धोतराची पट्टी बांधली. चार भाकऱ्या, मिरचीचा ठेचा दिला. गुलबर्ग्याची मोटार हुमनाबादवरून जायची, ती दुपारी सुटायची. अन्नपूर्णा म्हातारीबरोबर अड्ड्यापर्यंत चालत गेली. मोटारीत बसल्यावर अनसाबाईनं गुंडाळी मांडीवर आडवी धरली आणि शेजारच्या बाईला ती जरा सरकायला सांगू लागली, कागद चुरगळेल म्हणून.

ती चैत्रात परत आली. एकटीच आली. पावसाळा बोरवाडीत काढून दिवाळीनंतर तीच गुंडाळी घेऊन पुन्हा भीमेकडं गेली.